खट्टा-मीठा आणि आमची आक्का

वैशाखी पौर्णिमेला आम्ही दरवर्षी पालीला जातो. पाली म्हणजे आपल्या वंदनेची भाषा नव्हे, आमचे गाव. भोर-वेल्हे भागात, राजगडाच्या पायथ्याला. गडावर जी पायऱ्यांची वाट चढते तिच्या वरच्या दरवाजाला पाली दरवाजा म्हणतात, एवढी आमच्या गावाची इतिहासात नोंद. स्वारगेटहून एस.टी.ने नसरापूरपर्यंत सुखाने यायचे, तिथून आत वळले की डोंगर सुरू. तालुक्याला आता राजगड म्हणायचे ठरले आहे, पण कंडक्टरकडे तिकीट मागताना माणसे अजून वेल्हेच म्हणतात.

वैशाखात गाव भरलेले असते. मुंबईकर, पुणेकर, भिवंडीकर सगळे आलेले. भाताची खाचरे भाजून झालेली, पावसाला अजून अवकाश, हाताला काम नाही. सकाळी ध्वजारोहण, बुद्धवंदना, मग खीर. दुपारी भाषणे. भाषणात आम्हीही होतो. विषय होता 'धम्म आणि स्त्री'. आम्ही चाळीस मिनिटे बोललो आणि टाळ्याही पडल्या. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

रात्री सिनेमा दाखवायचा असे पोरांनी ठरवले होते. एकाने पुण्याहून प्रोजेक्टर आणला होता. विहाराची मागची भिंत नुकतीच चुन्याने रंगवलेली, तोच पडदा. पोरांना मारामारीचा सिनेमा हवा होता. पण आमचे गिरणीतले बापू मध्ये पडले. बापू म्हणजे वाडीतले सर्वांत वडील पुरुष. १९८२ च्या संपात गिरणी सुटली आणि ते गावी येऊन भात लावू लागले. ते म्हणाले, "आज पौर्णिमा हाय, रगात न्हाई दाखवायचं. हसायचं काय तरी लावा." आणि त्यांनीच नाव सांगितले, 'खट्टा मीठा'. मुंबईत असताना १९७८ साली त्यांनी तो थेटरात पाहिला होता. पोरांनी मोबाईलवर शोधला तर सापडला. नाके मुरडत लावला.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बासू चटर्जींचा सिनेमा. पारशी घरांतली गोष्ट. अशोककुमार चार मुलांचा विधुर बाप, आणि पर्ल पदमसी दोन मुले व एक मुलगी असलेली विधवा. दोघेही पिकलेली. त्यांचे लग्न होते आणि दोन्हीकडची सात पोरे एका घरात येतात. मग काय, भांडणे. जागा कुणाची, वस्तू कुणाची, आई कुणाची, बाप कुणाचा. शेवटी एकमेकांची होतात. खलनायक मारला जात नाही, कुणी मरत नाही. हसत हसत दोन-सव्वादोन तास जातात.

सुरुवातीला सतरंजीवर दंगा होता. अशोककुमार लग्नाला तयार होतो तेव्हा मागून कुणीतरी ओरडले, "म्हातारं बाशिंग बांधतंय!" सगळे हसले. आम्हीही हसलो. पण पोरांची भांडणे सुरू झाली तसा बायांचा घोळका पडद्यात शिरला. "अगं, ह्ये तर आपल्याच खोलीतलं," असे एक जण म्हणाली. आणि खरेच आहे. दहा बाय बाराच्या खोलीत ज्यांनी दिवस काढले त्यांना पारशी काय आणि बौद्ध काय, संडासाच्या रांगेतले भांडण सारखेच.

मग एका पुणेकर भाच्याने वाडीतल्या एका विधवेचे नाव घेऊन विनोद केला, की हिलाही असा एखादा पारशी बघा. पुन्हा सगळे हसले. ती बाई पदर तोंडाला लावून हसली. तिच्या शेजारी आमची आक्का बसली होती. ती हसली नाही. उठली, पाण्याच्या पिंपाकडे गेली आणि बराच वेळ परत आली नाही. आम्ही का ते ओळखले. दुसऱ्या कुणाला ओळखायचे कारण नव्हते.

आक्का आमची थोरली बहीण. वय ५३. दाजी एका कंपनीत होते, त्यांना जाऊन तेरा वर्षे झाली. पुण्यात भाड्याच्या खोलीत राहून, एका वसतिगृहात पोळ्या लाटून तिने दोन मुले वाढवली, त्यांची लग्ने केली. दोन वर्षांपूर्वी वर्षावासात ती पुण्यातल्या आपल्या वस्तीच्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाच्या वाचनाला जात होती. तिथे एक गृहस्थ ग्रंथ वाचून दाखवीत. मार्केट यार्डातले निवृत्त हमाल, पत्नी वारलेली, मुलगे संसाराला लागलेले. आवाज चांगला. वाचन संपले की आक्का त्यांना शब्दांचे अर्थ विचारायची. आक्काचे शिक्षण चौथी.

वर्षावास संपल्यावर एकदा ती आमच्या घरी आली. सौभाग्यवती आत चहा करीत होती तेव्हा ती हळूच म्हणाली, "ते म्हंत्यात, एकत्र राहू. रीतसर लग्न करून. तुला काय वाटतं?" आणि मग आम्ही काही बोलायच्या आत म्हणाली, "त्यांनी मला डोळ्याच्या डाक्टरकडं नेलं. चष्म्याचा नंबर काढून दिला. इतक्या वर्सांत मला कुणी इचारलं न्हवतं, तुला दिसतंय का म्हणून."

आम्ही काय उत्तर दिले? आम्ही म्हणालो, "आक्का, आता सुनेपुढे हे शोभतं का? आमचंही चळवळीत चार माणसांत नाव आहे. लोक काय म्हणतील?"

तिने चहा घेतला आणि गेली. त्यानंतर तो विषय तिने कधी काढला नाही. आणि आम्ही त्यानंतर दोन जयंत्यांना स्त्रीमुक्तीवर भाषणे केली.

सिनेमा संपला, सतरंज्या गोळा झाल्या. गडावर चांदणे पडले होते. आम्ही आत्याबाईंच्या ओट्यावर येऊन बसलो. आत्याबाई आमच्या वडिलांची सर्वांत धाकटी बहीण, ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी सिनेमा लांबून पाहिला होता, भाषा निम्मी कळली होती. त्या म्हणाल्या, "त्यात हसन्यासारखं काय व्हतं रं? मान्सं लगीन करीत व्हती की." आणि मग सहज म्हणाव्या तशा म्हणाल्या, "तुझी पणजी पाटाचीच व्हती."

आम्हाला हे माहीत नव्हते. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत कुणी सांगितले नाही. पणजी कानद नदीच्या पलीकडच्या गावात दिलेली. पहिला नवरा पटकीने गेला. तिने आमच्या पणजोबांशी पाट लावला आणि पालीत आली. आमचे आजोबा त्या पाटातले. आत्याबाई म्हणाल्या, "ती घरात बसली असती तर तू आज माईक धरायला नसतास."

आक्का जवळच बसली होती. काही बोलली नाही. सुपारी कातरत होती.

वाचकहो, त्या रात्री आम्हाला झोप आली नाही आणि तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. पाट किंवा म्होतूर हा शब्द आपल्या आजच्या पिढीला शिवीसारखा वाटतो. पण तो होता काय? विधवेने किंवा टाकलेल्या बाईने पुन्हा संसार मांडण्याची ती आपल्या लोकांची रीत होती. महारात होती, मांगात होती, कुणब्यात होती, कितीतरी जातींत होती. बंदी होती ती वरच्यांत. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी एका विधवेशी लग्न केले तर मुरूडच्या त्यांच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकले. त्यांच्या धाडसाबद्दल आम्हाला आदर आहे. पण ज्या गोष्टीला तिकडे क्रांती म्हणतात, ती त्याच काळात आमची निरक्षर पणजी कुणाला न विचारता करून मोकळी झाली होती. तिचे चरित्र कुणी लिहिले नाही, इतकेच.

अलीकडे झी मराठीवर २०१९ पासून दीडेक वर्ष 'अग्गंबाई सासूबाई' मालिका चालली. निवेदिता सराफ विधवा सासू आणि तिचे लग्न सूनच पुढाकार घेऊन लावते. आमच्या घरातही ती जेवताना पाहिली जायची. मालिका चांगली होती. पण त्यात घर कुलकर्ण्यांचे. आपल्या बायका ते बघून डोळे पुसत आणि म्हणत, "त्यांच्यात चालतं बाई, आपल्यात नाही चालत." हे ऐकून हसावे की रडावे? गाडी उलट्या दिशेने गेली आहे. त्यांच्यात चालत नव्हते, आपल्यात चालत होते. आपण चार बुके शिकलो, नोकरीला लागलो, सोसायटीत घर घेतले आणि त्यांनी टाकून दिलेली लाज उचलून आणली.

बाबासाहेबांनी हे फार पूर्वी ओळखले होते. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातीवरचा निबंध वाचला. त्यात ते विचारतात, जात टिकते कशी? जातीतल्या जातीत लग्ने लावूनच ना? मग नवरा मेला की बाई शिल्लक राहते. ती बाहेर लग्न करील तर जात फुटते. आत करील तर लग्नाच्या मुलीच्या वाट्याचा नवरा नेते. म्हणून तिला जाळा किंवा जन्मभर विधवा ठेवा. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह, ह्या जात राखण्याच्या युक्त्या आहेत. त्यांची थोरवी नंतर गायली गेली. आणि खालच्या जातींनी ह्या रीती कुणी हुकूम केला म्हणून नव्हे, तर वरच्यांची नक्कल म्हणून उचलल्या, हेही त्यांनी त्याच निबंधात मांडले आहे. म्हणजे आक्काला "शोभतं का" असे विचारताना आमच्या तोंडून कोण बोलत होते ते समजा. शंभर वर्षांपूर्वी बाबासाहेबांनी ज्याची चिरफाड केली तेच.

पाटाची तरी आम्ही आरती करीत नाही. तीत खोट होतीच. पाट लावायचा तो रात्री, अंधारात, सवाष्णींच्या नजरेआड. जणू चोरीचा माल घरात घ्यायचा. बिनलग्नाचा पुरुष विधवेशी पाट लावणार असेल तर आधी त्याचे रुईच्या झाडाशी लग्न लावायचे, म्हणजे संकट झाडावर जावे. बाईला संसार मिळे, मान मिळत नसे. आत्याबाई सांगत होत्या, की वाडीत दुसऱ्याच्या लग्नात हळद दळायला पणजीला कधी बोलावले नाही.

ही खोट १९५६ नंतर गेली. निदान कागदावर गेली. बाबासाहेबांनी बौद्ध लग्नाचा जो साधा विधी सांगितला त्यात होम नाही, सप्तपदी नाही. पांढरी वस्त्रे, पाण्याने भरलेले मातीचे मडके, त्यात सोडलेले पांढरे सूत आणि सुत्तपठण. त्यात पहिलटकरणीचे एक लग्न आणि विधवेचे दुसरे असा भेद कुठे आहे? आम्ही आजवर तीस-चाळीस मंगलपरिणय लावले असतील. त्याच विधीने, त्याच गाथांनी, भरदुपारी, मंडपात आक्काचे लग्न लागू शकते. पणजीला जे मिळाले नाही ते हेच. पण आपल्या वाड्यांमधून अजूनही नवरा गेला की बाईच्या बांगड्या फोडतात. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवेच्या ह्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितले. चांगलेच झाले. पण बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांना सरकारच्या परिपत्रकाची वाट का पाहावी लागावी?

आता जे लिहायचे ते जरा जपून लिहितो, कारण विषय जिव्हाळ्याचा आहे.

रमाईंचे निधन २७ मे १९३५ ला झाले. पुढे तेरा वर्षे बाबासाहेब एकटे होते. १५ एप्रिल १९४८ रोजी, म्हणजे सत्तावन्न पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांनी दिल्लीत राहत्या घरी नोंदणी पद्धतीने डॉ. शारदा कबीर यांच्याशी लग्न केले. बाईंचे वय ३९. मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने बाबासाहेब बेजार होते, संविधानाचे काम डोक्यावर होते, सांभाळणारे माणूस हवे होते. हे सगळे आपण जाणतो. पण आपण ते अशा आवाजात सांगतो, की औषधाच्या बाटलीसारखे लग्न केले. जणू त्या माणसाला माया लागतच नव्हती. माईसाहेबांनी 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' हे आत्मचरित्र लिहिले, त्यात बाबासाहेबांची लग्नाआधीची पत्रे आहेत. आमची विनंती आहे, ती वाचा. देशाचा कायदामंत्री एका बाईला काळजीने, रुसून, थट्टा करून लिहितो आहे. त्यात कमीपणा कसला?

आणि म्हणून रमाई पुसल्या गेल्या का? 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांनी रामूच्या स्मृतीला अर्पण केला आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथाला १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी आपण इतके दिवस जगलो याचे श्रेय आपल्या पत्नीच्या आणि डॉ. मालवणकरांच्या वैद्यकीय कौशल्याला दिले आहे. एकाच माणसाच्या मनात दोघींना जागा होती. आपल्याच मनात ती नव्हती. १९५७ साली ग्रंथ छापून आला तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. नागपूरला ज्या बाईने बाबासाहेबांच्या शेजारी उभे राहून दीक्षा घेतली तिच्याकडे आपण कितीतरी वर्षे संशयाने पाहिले. १९९० साली भारतरत्न त्यांनीच स्वीकारले, आणि २९ मे २००३ ला त्या मुंबईत गेल्या. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर सिंबायोसिसच्या संग्रहालयात बाबासाहेबांच्या वापरातल्या ज्या वस्तू आपण हात जोडून पाहतो त्या माईसाहेबांनी जपून दिलेल्या आहेत. जातीमुळे संशय घेतला असे आपण म्हणतो. पण त्यात थोडे हेही नव्हते का, की ह्या वयात दुसरे लग्न करून आलेली बाई म्हणजे काहीतरी लबाडी असणारच?

सिनेमाकडे परत येऊ. त्यात भांडण जागेवरून आहे, आणि आमचा अनुभव हाच सांगतो. "लोक काय म्हणतील" हे तोंडावरचे. आतले खरे म्हणजे खोली, पेन्शन आणि वारस. ज्यांच्याकडे बंगला आहे त्यांच्या पोरांना लाज वाटते आणि ज्यांच्याकडे एक खोली आहे त्यांच्या पोरांना भीती वाटते. भीती खोटी नाही, म्हणून तिच्यावर कागदाचा उपाय करावा. आम्ही कारकून माणूस, कागदावर आमचा विश्वास जास्त.

हिंदू विवाह व वारसा कायदे बौद्धांनाही लागू आहेत. वडिलांनी पुन्हा लग्न केले तर नवी पत्नी मुला-मुलींच्या बरोबरीची वारस होते. तिची आधीची मुले मात्र ह्या नवऱ्याची वारस होत नाहीत. हे पुष्कळांना माहीत नसते आणि "तिची पोरं आमची खोली खातील" म्हणून बैठका मोडतात. ज्याला आपल्या स्वतःच्या मिळकतीची वाटणी आपल्या मनाने करायची त्याने मृत्युपत्र करावे. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. साधा कागद, आपली सही किंवा अंगठा आणि ते पाहून सही करणारे दोन साक्षीदार. साक्षीदार ज्याला काही मिळणार नाही असे घ्यावेत, म्हणजे पुढे कुणी बोट दाखवत नाही. बायकांचीही एक भीती असते, की पहिल्या नवऱ्याचे मिळालेले जाईल. १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा पुन्हा लग्न करायला परवानगी देत होता आणि पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क काढून घेत होता. तो कायदा १९८३ साली रद्द झाला. नवऱ्याच्या पश्चात वारस म्हणून जी जमीन बाईच्या नावावर आली ती पुन्हा लग्न केल्याने जात नाही.

पेन्शनचे मात्र तसे नाही. कंपनी कामगारांच्या १९९५ च्या योजनेतले विधवा पेन्शन मृत्यूपर्यंत किंवा पुनर्विवाहापर्यंतच असते. आक्काला तेच मिळते. रक्कम थोडी आहे, पण महिन्याचा गॅस आणि वीज त्यात भागते. लग्न केले की बंद. सरकारी असो वा दुसरी, प्रत्येक पेन्शनचा नियम वेगळा, तेव्हा लग्नाची तारीख काढण्याआधी कचेरीत जाऊन लेखी विचारावे. पेन्शन जाईल म्हणून पुष्कळ जोडपी बिनलग्नाची राहतात. पुण्यात माधव दामले यांनी २०१२ च्या सुमारास ज्येष्ठांना लग्नाविना एकत्र राहण्यासाठी जोडीदार शोधून देणारी संस्था काढली, ती ह्याच अडचणींतून. वाईला वृद्धाश्रम चालवताना त्यांना म्हाताऱ्यांचे एकटेपण दिसले होते. तो मार्ग कुणी घेतला तर आम्ही नावे ठेवणार नाही. पण ज्या बाईच्या नावावर खोली नाही, बँकेत शिल्लक नाही, तिला आम्ही लग्नाची नोंद करूनच घे असे सांगू. पुरुष गेल्यावर त्याच्या मुलांनी दाराबाहेर काढले तर हातात कागद असावा.

पालीहून निघताना एस.टी.त आक्का आमच्या शेजारी होती. नसरापूर येईपर्यंत आम्ही गप्प. मग म्हणालो, "आक्का, त्या वेळी आमचं चुकलं. ते गृहस्थ अजून विहारात येतात का?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आता इचारतोयस व्हय? दोन वर्सं झाली." थोड्या वेळाने म्हणाली, "येत्यात. वाचत्यात. मी मागं बसते."

आम्ही पुण्यात आल्यावर त्यांना जाऊन भेटलो. जयभीम घातला. काय बोलायचे ते सुचेना. माईकवर बोलण्याची सवय असलेल्यांचे असे होते. त्यांनीच सुरुवात केली. म्हणाले, "दादा, मी त्यांना पुन्हा विचारलं नाही, कारण नको म्हणाल्या त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या पोरांना मी तेव्हाच सांगून ठेवलंय. थोरला तयार आहे. धाकटा खोलीवरून कुरकुरतो." त्यांची खोली पुनर्वसनातली, त्यांच्या नावावर. आम्ही मृत्युपत्राचे सांगितले. ते म्हणाले, "लिहू की. खोली पोरांचीच आहे. आम्ही आहोत तोवर दोघांना निजायला कोपरा असला म्हणजे झालं." आम्ही म्हणालो, असे नव्हे, तुमच्या मागे आक्काला त्या खोलीत मरेपर्यंत राहण्याचा हक्क आहे असे त्या कागदात लिहा, मगच मालकी मुलांची. त्यांनी मान डोलावली. म्हणाले, "हे मला सुचलं नव्हतं." आम्हाला बरे वाटले, दोन वर्षांपूर्वीच्या बोलण्याची थोडी भरपाई झाल्यासारखे.

पेन्शनचे आक्काला सांगितले तेव्हा तिने बोटांवर हिशोब केला. म्हणाली, "चार पोळ्या जास्त लाटीन."

राहिला आमचा भाचा, आक्काचा मुलगा. तो आमचाच चेला. जयंतीच्या मिरवणुकीत पुढे असतो, आमची भाषणे मोबाईलवर टिपून ठेवतो. त्याला फोनवर सांगितले तर तो म्हणाला, "मामा, तुम्हीच तेव्हा आईला नाही म्हणाला होतात ना? तेव्हा बरोबर होतं आणि आता चूक कसं?" आम्हाला उत्तर देता आले नाही. पणजीची गोष्ट सांगितली तर तो म्हणाला, ती जुन्या काळातली. बाबासाहेबांचे सांगितले तर गप्प झाला, पण हो म्हणाला नाही. सून मात्र मागून बोलल्याचे ऐकू आले, "अहो, त्यांना विचारा तरी त्यांना काय हवंय ते."

येत्या रविवारी दोघांना जेवायला बोलावले आहे. आक्काही येणार आहे. तिने कालच निरोप पाठवला, की मटण कर, भाकऱ्या मी येऊन टाकते. पोरगा उपाशीपोटी लई चिडतो.